सह्याद्रीचा पाऊस, खाडीचा गाळ

पुणे जिल्ह्यातील भोर आणि आता राजगड असे नामांतर झालेला वेल्हे या दोन तालुक्यांची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची मुख्य धार असून, तिच्यावर पडणाऱ्या पावसाची तेथेच दोन वाटांनी विभागणी होते. पूर्व उतारावरचे पाणी नीरा, वेळवंडी, गुंजवणी यांच्यातून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून हजार किलोमीटरांहून अधिक प्रवासानंतर बंगालच्या उपसागरात पोहोचते. वरंध आणि मढे घाटांच्या कड्यांवरून खाली झेपावणारे पाणी मात्र महाडच्या परिसरात सावित्रीच्या खोऱ्यात उतरते आणि सरळ रेषेत जेमतेम साठ किलोमीटरांवर, बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये, अरबी समुद्र गाठते. या पाण्याबरोबर माती, कुजलेला पाला आणि फुलांचे परागकण वाहून जातात व त्यांतला काही भाग खाडीच्या तळाशी आणि काठावरच्या खाजणांत थरावर थर साचत राहतो. पर्जन्यमापक अस्तित्वात येण्यापूर्वी या डोंगरांवर किती पाऊस पडत असे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक जागा म्हणजे असा गाळ.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. धारेलगत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, भोर गावापर्यंत येता येता तो सुमारे एक तृतीयांशावर येतो आणि त्याच नीरेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या बारामतीकडे पाचशेच्या आसपास उरतो. त्यामुळे १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण असो की अलीकडचे नीरा-देवघर, सगळा हिशोब धारेवरच्या पट्ट्यातील पावसावर बेतलेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेली अखिल भारतीय पर्जन्यमानाची सुप्रसिद्ध मालिका १८७१ पासून सुरू होते. दीडशे वर्षांचा हा काळ माणसाच्या दृष्टीने मोठा असला, तरी मान्सूनचे शतकाशतकांचे चढउतार ओळखण्यास तो अपुरा पडतो.

धारेच्या पूर्वेला, नद्यांच्या उगमाकडील तीव्र उतारांवर जुना गाळ फारसा टिकत नाही आणि धरणांच्या जलाशयांत साचलेला गाळ धरणाइतकाच जुना असतो. खाडीची गोष्ट वेगळी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि कोकणातील नद्या आजच्या किनाऱ्याच्या बऱ्याच पलीकडे जाऊन समुद्राला मिळत होत्या. बर्फ वितळून पाणी चढत गेले, सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या जवळ येऊन स्थिरावले आणि नद्यांची बुडालेली खालची खोरी म्हणजेच आजच्या खाड्या झाल्या. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला भेटते तेथे मातीचे अतिसूक्ष्म कण क्षारांमुळे एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात आणि भरतीचे पाणी त्यांना समुद्राकडे सहज निसटू देत नाही. म्हणून खाडी हा गाळाचा उत्तम सापळा ठरतो.

संशोधक खाजणात किंवा उथळ समुद्रतळात पोकळ नळी उभी खुपसून गाळाचा अखंड स्तंभ बाहेर काढतात. त्याला गाभा म्हणतात. थराचे वय ठरविण्यासाठी त्यातील लाकूड, पाने किंवा शिंपले यांच्यातील किरणोत्सर्गी कार्बन मोजला जातो. हा कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे उरलेल्या प्रमाणावरून काळ काढता येतो. मात्र समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असल्याने शिंपले खऱ्यापेक्षा काही शतकांनी म्हातारे दिसतात आणि तेवढी वजावट करावी लागते. वरच्या, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या थरांसाठी सुमारे बावीस वर्षांत निम्मे होणारे शिसे-२१० वापरतात, तर हवेतील अणुचाचण्यांमधून पसरलेल्या सीझिअम-१३७ चे सर्वाधिक प्रमाण १९६३ च्या सुमाराचा थर दाखवून देते.

वय कळले तरी पाऊस कळत नाही. त्यासाठी अप्रत्यक्ष खुणा वाचाव्या लागतात. जाडी वाळू जोराच्या प्रवाहाची, बारीक चिखल संथ पाण्याची साक्ष देतो. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात चुंबकीय खनिजे भरपूर असल्याने गाळाची चुंबकीय ग्रहणशीलता वाढली, की डोंगरावरची धूप वाढली असावी असा तर्क करता येतो. परागकणांचे बाह्य कवच चिवट असल्यामुळे ते हजारो वर्षे टिकते आणि सदाहरित वृक्ष, गवत, कांदळवनातील तिवर यांचे परस्परप्रमाण त्यावरून समजते. फोरामिनिफेरा हे चुन्याचे कवच असलेले, वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव तर पाण्याच्या खारेपणाबाबत अतिशय हळवे असतात.

या पद्धतीचा बोलका दाखला आपल्या सीमाभागात, कारवारजवळ काळी नदीच्या मुखासमोर सापडतो. काळी हीदेखील सह्याद्रीत उगम पावणारी, छोटी पण पावसाळ्यात दुथडी भरणारी नदी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील उथळ समुद्रातील गाभ्यांमधील फोरामिनिफेरांचा अभ्यास केला. पाऊस भरपूर झाला की नदीचे गोडे पाणी समुद्रात दूरवर पसरते, खारेपणा उतरतो आणि या जीवांच्या जातींचे प्रमाण, कवचांची घडण, पहिल्या कप्प्याचे माप यांत फरक पडतो. या खुणा कालक्रमाने लावल्यावर त्यांना सुमारे ७७ वर्षांनी फिरून येणाऱ्या कोरड्या काळाचे चक्र दिसले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा संबंध त्यांनी सूर्याच्या सक्रियतेतील, जवळपास तेवढ्याच लांबीच्या ग्लाइसबर्ग चक्राशी जोडला. कल्पना मोहक आहे. परंतु काही शतकांच्या नोंदीत असे चक्र मोजकेच वेळा फिरते, हे ध्यानात घेता तिच्यावरून पुढच्या दुष्काळाचे पंचांग मांडणे धाडसाचे ठरेल.

त्याच कारवारच्या समुद्रातील गाभ्यांवरून १९९४ साली कारातिनी आणि सहकाऱ्यांनी परागकणांच्या आधारे अधिक दूरचा काळ मांडला. सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून कांदळवनांचे आणि दमट अरण्यांचे परागकण घटतात व गवताळ प्रदेशाचे वाढतात, म्हणजेच हवामान कोरडे होत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. १००० च्या सुमारास खालावू लागते आणि इ.स.पू. ७०० पर्यंत ओस पडते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या ऱ्हासाचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात ही गोष्ट महत्त्वाची आहे. तरी त्यांच्यात शतकांचे अंतर आहे आणि गाव केवळ पावसाअभावी उठते असेही नाही. १३९६ पासून बारा वर्षे टिकला असे सांगितल्या जाणाऱ्या दुर्गादेवीच्या दुष्काळाला मात्र बळकट दुजोरा मिळतो. बस्तरमधील दंडक गुहेतील चुनखडीच्या स्तंभांत चौदाव्या-पंधराव्या शतकांतील दुबळ्या मान्सूनची नोंद आढळली आहे.

खाडीच्या गाळाची खरी अडचण अशी, की माणसाची करणी आणि हवामानाची करणी त्यात एकसारखीच उमटते. भोर-वेल्ह्याच्या उतारांवर राब भाजून नाचणी-वरई लावली गेली किंवा कोळसा पाडण्यासाठी जंगल तुटले, तरी खाली झाडांचे परागकण घटतात, गवताचे वाढतात आणि मातीचा लोंढा येतो. पाऊस कमी झाल्याने रान विरळ झाले, तरी चित्र बरेचसे तेच दिसते. त्यात भर म्हणजे नाचणी आणि रानगवत एकाच कुळातील असल्याने त्यांचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली सहजी वेगळे ओळखता येत नाहीत. खेकडे चिखल वरखाली करतात, ते निराळेच. म्हणून एकाच खुणेवर विसंबून काढलेला निष्कर्ष कितीही आकर्षक असला, तरी तो कच्चा मानावा आणि डोंगरमाथ्यावरच्या नोंदींशी पडताळून घ्यावा. भोरपासून फार दूर नसलेल्या कास पठारावरील हंगामी तळ्याच्या गाळातून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे आठ हजार वर्षे मागे जाणारा इतिहास वाचला आहे, तो अशा पडताळणीसाठी मोलाचा आहे.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तळिये गावावर दरड कोसळली आणि महाड पाण्याखाली गेले. असा पूर हजार वर्षांत किती वेळा येऊन गेला, हे ठरविण्यास दीडशे वर्षांची आकडेवारी पुरत नाही. त्यानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले आणि ते आवश्यकही आहे. पुरांनी वारंवार ढवळलेल्या त्या गाळातून इतिहास फारसा हाती लागणारही नाही. मात्र काठावरची शांत, तिवरांनी धरून ठेवलेली खाजणे भराव घालून, बांध घालून किंवा खोदून एकदा बिघडली, की त्यांतील क्रम पुन्हा लावता येत नाही. तेव्हा खाडीकाठच्या प्रत्येक बांधकामाला परवानगी देण्याआधी तेथील गाळाचे दोन-चार गाभे काढून ते संशोधन संस्थांकडे जपण्याची अट शासनाने घालावी. अशा कामाचा खर्च बांधकामाच्या तुलनेत नगण्य असतो.