कारखाना बदलला तरी विमा क्रमांक तोच

मसाट व सिल्वासाच्या परिसरातील कारखान्यांत दादरा व नगर हवेलीतील खेड्यांप्रमाणेच परप्रांतांतूनही कामगार येतात. त्यांपैकी अनेकजण ठेकेदारामार्फत कामास लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत एक कारखाना सोडून दुसरा धरतात. राज्य कामगार विमा योजनेचे हक्क समजून घेण्याची खरी गरज अशांनाच अधिक आहे.

१९४८ च्या अधिनियमाने स्थापन झालेली ही योजना २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार तीत येतो. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे अंशदान वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाचे ३.२५ टक्के ठरले आहे. नोंदणी करणे हे मालकाचे कर्तव्य होय. ठेकेदाराने टाळाटाळ केल्यास अंशदानाची जबाबदारी मूळ मालकावर येते.

वैद्यकीय उपचार विमापात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाईसाठीही अंशदानाच्या दिवसांची अट नाही. आजारपणातील रोख भत्त्याचे मात्र तसे नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन अंशदानकाल असून त्यांचे लाभकाल अनुक्रमे पुढील जानेवारी ते जून व जुलै ते डिसेंबर असे येतात. अंशदानकालात ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास वेतनाच्या ७० टक्के दराने, दोन लागोपाठच्या लाभकालांत मिळून ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. प्रथमच विमाकृत होणाऱ्याचा लाभकाल नोकरीच्या तारखेपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. १ जुलैस कामावर लागलेला कामगार सप्टेंबरात तापाने पडला तर त्याला औषधपाणी मिळेल, भत्ता मिळणार नाही.

याच ७८ दिवसांपायी नोकरी बदलताना सावध राहावे लागते. विमा क्रमांक जन्मभराचा असतो. नव्या ठिकाणी जुना क्रमांक न सांगता दुसरा काढला गेला, की दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि दोन्हीकडे अट अपुरी पडते. पन्नास दिवस इकडे, चाळीस तिकडे. हाती काहीच नाही! जुने ओळखपत्र हरवले असले तरी क्रमांक जुन्या वेतनपत्रकावरून शोधता येतो. कुटुंबीयांची नावेही त्याच वेळी तपासून घ्यावीत, कारण विवाह वा अपत्यजन्मानंतर ती जोडावयाची अनेकांकडून राहून जाते.

वेतनवाढीने मर्यादा ओलांडली म्हणजे विमा तत्काळ संपत नाही. जूनमध्ये वेतन २२,००० रुपये झाले तरी अंशदान ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते आणि दिवसांची अट पुरी असल्यास लाभ पुढील ३० जूनपर्यंत टिकतात. खासगी विमापत्र घ्यावयाचे असल्यास ते या मुदतीच्या आरंभीच घेणे हिताचे, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी अशा विम्यात तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाल असू शकतो.

घरात सत्तर वर्षांवरील आईवडील असल्यास त्यांच्यासाठी आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड स्वतंत्रपणे काढता येते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या सवलतीस उत्पन्नाची अट नाही, आणि मुलाच्या राज्य कामगार विम्यामुळे ती नाकारली जात नाही.