पानगळ आणि खराटा

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला खिजाँ म्हणतो, त्याला मराठीत पानगळ म्हणतात. काश्मीरमध्ये चिनारची पाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळतात. आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत मात्र पानगळ होते ती शिशिर ऋतूत, साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिरूर घोड नदीच्या काठी आहे आणि दौंड भीमा नदीच्या काठी. तरी हे तालुके कमी पावसाचे. उन्हाळा जवळ आला की जमिनीतील ओल आटू लागते. पानांवाटे झाडातील पाणी सतत बाहेर जात असते. म्हणून कडुनिंबासारखी झाडे जुनी पाने गाळतात आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी धारण करतात.

झाडाचे काम झाले. आपले सुरू होते! घराच्या आणि शाळेच्या अंगणात पानांचा थर साचतो. तो कशाने काढायचा? तुम्ही म्हणाल, “झाडूने.” पण मराठीत झाडूला अनेक नावे आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

केरसुणी शिंदीच्या पानांची करतात. ती मऊ आणि आखूड असते. ओटा, फरशी किंवा शेणाने सारवलेले अंगण यांसाठी ती चांगली. चिंचेची बारीक पाने तिने सहज निघतात. पण ती वापरताना वाकावे लागते, म्हणून मोठ्या अंगणासाठी ती उपयोगाची नाही.

खराटा नारळाच्या झावळीतील हिरांचा असतो. काही ठिकाणी तुराट्यांचाही खराटा बांधतात. कडक मातीच्या अंगणातील कडुनिंबाची पाने झाडायला खराट्यासारखे दुसरे साधन नाही. खराटा घेताना त्याची बांधणी घट्ट आहे ना, ते पाहा. काड्या सैल झाल्या, तर बुंधा जमिनीवर आपटा. काड्या एका पातळीत येतात. बुंध्यात बांबूची काठी घट्ट बसवली, तर ताठ उभे राहून झाडता येते आणि कंबर दुखत नाही. घरात आजीला किंवा आईला रोज झाडावे लागत असेल, तर ही काठी जरूर बसवा.

पंजा हा पंख्यासारख्या पसरलेल्या तारांचा असतो. बदामाची किंवा पिंपळाची मोठी पाने त्याने भराभर ओढली जातात. गवतावर किंवा खडीवर खराटा अडतो, पण पंजा अडत नाही. कडुनिंबाची बारीक पाने मात्र त्याच्या तारांमधून निसटतात. शेतातील लोखंडी दाताळे याहून जड. त्याने पानांबरोबर मातीही उकरली जाते. म्हणून ते अंगण झाडायला नको. साचलेला ढीग ओढायला घ्यावे.

साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : पान केवढे आहे, जमीन कशी आहे आणि झाडणाऱ्याची उंची व ताकद किती आहे. परदेशात पाने उडवणारी पेट्रोलची यंत्रेही वापरतात. पण त्यांचा आवाज आणि धूर फार. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १ जानेवारी २०२२ पासून अशा यंत्रांच्या वापरावर बंदी आली.

आता एक महत्त्वाची सूचना. पानांच्या जुन्या ढिगात कधीही हात घालू नका. त्यात विंचू असू शकतो, घोणस किंवा फुरसेही असू शकते. वाळलेल्या पानांत हे साप चटकन ओळखू येत नाहीत. पायांत बूट घाला आणि लांब दांड्याच्या दाताळ्याने ढीग आधी दुरून पसरवा. साप चावलाच, तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. त्या माणसाला धीर द्या, फार हालचाल करू देऊ नका आणि ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्या.

झाडण्यासाठी पहाटेची वेळ चांगली. दवाने पाने थोडी दमट असतात, त्यामुळे धूळ कमी उडते. तरीही नाकाला रुमाल बांधावा. गोळा केलेली पाने घमेल्यात फार मावत नाहीत आणि वाऱ्याने उडतात. त्यापेक्षा जमिनीवर जुने गोणपाट पसरा, पाने त्यावर ओढा आणि चारही टोके एकत्र धरून उचला.

आता या पानांचे काय करायचे? पुष्कळ लोक काडी लावून मोकळे होतात. त्या धुराने लहान मुलांना खोकला येतो आणि दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी केली आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवू. पाने जाळली की मातीचे अन्नच जळते. आपल्याकडचे अनेक ऊस-उत्पादक शेतकरी आता पाचट न जाळता सरींत पसरतात. त्यामुळे ओल टिकते आणि पाचट कुजून खत होते. अंगणातील पानांचेही तसेच करता येते. कोपऱ्यात खड्डा करा. पानांचा एक थर, त्यावर शेणकाल्याचा किंवा मातीचा पातळ थर, असे थर द्या. अधूनमधून भांडी धुतलेले साधे पाणी शिंपडा. ओल राहिली, तर पाच-सहा महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. थोडी पाने झाडांच्या आळ्यांतही पसरा. उन्हाळ्यात पाणी कमी लागेल.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) ज्या गावी जात, ते गाव आधी स्वतः झाडून काढत आणि मग कीर्तन करत. झाडणे हे हलके काम नाही, हे त्यांनी स्वतः झाडून दाखवले. यंदा शाळेच्या अंगणात पाने पडू लागली की तुम्हीही आधी एक पान उचलून नीट पाहा, जमीन पाहा आणि मग ठरवा : केरसुणी, खराटा की पंजा? काडेपेटी मात्र घरातच राहू द्या.