निवृत्तिवेतन आणि कौटुंबिक शुश्रूषा : ब्रिटनमधील परस्परव्याप्त लाभांचा नियम

प्रस्तावना

मनुष्य नोकरीतून निवृत्त होतो. परंतु घरातील आजारी माणसाच्या सेवेतून त्याची निवृत्ती होतेच असे नाही. वाढत्या आयुर्मानामुळे सत्तरीतील पत्नीने पतीची किंवा निवृत्त मुलीने नव्वदीतील आईची शुश्रूषा करणे ही बाब आता अपवादात्मक राहिलेली नाही. अशा व्यक्तीस निवृत्तिवेतनाबरोबरच शुश्रूषेचा भत्ताही मिळावा काय, या प्रश्नाला ब्रिटनने दिलेले उत्तर सकृद्दर्शनी नकारार्थी आहे. त्याचे प्रत्यक्ष स्वरूप मात्र गुंतागुंतीचे असून प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

भत्त्याची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९७६ साली ‘इनव्हॅलिड केअर अलाउन्स’ हा भत्ता सुरू झाला. शुश्रूषेसाठी नोकरी सोडावी लागणाऱ्या व्यक्तीचे बुडालेले उत्पन्न अंशतः भरून काढणे हा त्याचा हेतू होता. विवाहित स्त्री घरी असतेच, असे गृहीत धरून तिला त्यातून वगळण्यात आले होते. आईच्या सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांच्या प्रकरणात युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने जून १९८६ मध्ये हा भेद समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. पुढे ऑक्टोबर २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही नव्याने अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि २००३ मध्ये भत्त्याचे नाव ‘केअरर्स अलाउन्स’ असे झाले. आठवड्यातून किमान ३५ तास शुश्रूषा करणे आणि शुश्रूषा घेणाऱ्या व्यक्तीस ‘अटेंडन्स अलाउन्स’सारखा विहित लाभ मिळत असणे, या त्याच्या प्रमुख अटी होत.

नियमाचे स्वरूप

वयाची अट गेली, तरी १९७९ च्या विनियमांतील परस्परव्याप्त लाभांचा नियम कायम राहिला. निवृत्तिवेतन आणि हा भत्ता हे दोन्ही लाभ बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून दिले जातात. म्हणून एकाच हानीची भरपाई दोनदा देऊ नये, असे त्यामागील तर्कशास्त्र आहे. २०२५-२६ या वर्षात भत्त्याचा साप्ताहिक दर ८३.३० पौंड, तर नव्या राज्य निवृत्तिवेतनाचा पूर्ण दर २३०.२५ पौंड होता. राज्य निवृत्तिवेतन भत्त्याइतके किंवा त्याहून अधिक असेल, तर भत्ता दिला जात नाही. ते ६० पौंड असेल, तर केवळ फरकाचे २३.३० पौंड मिळतात.

सुप्त पात्रता

येथेच या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची आणि सहज निसटणारी तरतूद येते. रक्कम मिळत नसली, तरी इतर अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराची पात्रता मान्य होते. तिला सुप्त पात्रता म्हणता येईल. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी असलेल्या ‘पेन्शन क्रेडिट’ या योजनेत या पात्रतेमुळे शुश्रूषा करणाऱ्यासाठीची वाढ मिळते.

उदाहरणार्थ, जोडीदार नसलेल्या आणि पूर्ण राज्य निवृत्तिवेतनाखेरीज अन्य उत्पन्न किंवा बचत नसलेल्या निवृत्त स्त्रीचा विचार करू. २०२५-२६ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी हमी उत्पन्न २२७.१० पौंड होते. तिचे निवृत्तिवेतन त्याहून अधिक असल्याने ती हमी उत्पन्नास अपात्र ठरते. परंतु ती आईची शुश्रूषा करीत असेल आणि तिची सुप्त पात्रता मान्य झालेली असेल, तर ४६.४० पौंडांची वाढ धरून हमी उत्पन्न २७३.५० पौंड होते व तिला आठवड्यास ४३.२५ पौंड, म्हणजे वर्षास सुमारे २,२४९ पौंड मिळू शकतात. नाकारला जाणारच अशा भत्त्यासाठी अर्ज करणे हा तिचा लाभ मिळविण्याचा मार्ग असतो. नकाराचे पत्र हाती आल्यावर जी व्यक्ती तेथेच थांबते, ती या रकमेस मुकते. विलंबाने केलेल्या अर्जावर सामान्यतः मागील तीन महिन्यांपुरताच लाभ मिळत असल्याने उशीर भरून निघत नाही.

या तरतुदीची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. शुश्रूषा करणाऱ्यास भत्ता प्रत्यक्ष मिळू लागल्यास, एकट्या राहणाऱ्या रुग्णास तीव्र अपंगत्वासाठी मिळणारी वाढ बंद होऊ शकते. केवळ सुप्त पात्रता असेल, तर मात्र ती बंद होत नाही.

निष्कर्ष

भत्ता हा गमावलेल्या वेतनाचा पर्याय मानल्यास उपरोक्त नियम सुसंगत ठरतो. तो श्रमाची दखल म्हणून पाहिल्यास मात्र नियमाचा पाया डळमळतो; कारण निवृत्तीच्या दिवशी वेतन थांबते, शुश्रूषेचे ३५ तास थांबत नाहीत. ‘पेन्शन क्रेडिट’मधील वाढीने ही विसंगती अल्प उत्पन्नाच्या वृद्धांपुरती सौम्य केली आहे, परंतु त्यासाठी अर्जदारास नियमांचे ज्ञान असणे आवश्यक ठरते. वयोवृद्ध आणि अहोरात्र सेवेत गुंतलेल्या व्यक्तीकडून ही अपेक्षा ठेवणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार अशी योजना आखणाऱ्या कोणत्याही शासनाने करावयास हवा.