बिन, कोम आणि इलेक्ट्रॉनिक सिटी

बंगळूरच्या होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग जिथे खाली उतरतो, तिथे इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. ११ ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेनेही तिथे जाता येते. या मार्गिकेवर लागोपाठ दोन स्थानके आहेत. एकाचे नाव इलेक्ट्रॉनिक सिटी, दुसऱ्याचे इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार. पहिल्या नावाला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरु या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत आखली. १९९४ मध्ये इन्फोसिसने मुख्यालय इथे हलवले आणि पुढे या भागाचा चेहराच बदलला. दुसऱ्या नावाचा उत्तरार्ध मात्र फार जुन्या व्यवहाराची खूण सांगतो. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेले गाव. दान म्हटले की सनद आली, हिशेब आला, वारसही आले. काचेच्या इमारतींच्या या गावाखाली कागदांचे एक गाव पुरलेले आहे. त्या कागदांपर्यंत पोहोचायला संगणक पुरतो की माणूस लागतो, हे तपासायला इलेक्ट्रॉनिक सिटीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

कारण जमिनीचे दप्तर संगणकावर चढवण्यात कर्नाटक देशात आघाडीवर होते. ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे दोन कोटी पहाण्या, म्हणजे आपल्याकडच्या सात-बाराचे तिकडचे भावंड, संगणकात गेल्या आणि तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत छापील उतारा मिळू लागला. त्या पहाणीच्या नवव्या रकान्यात कब्जेदाराचे नाव असते आणि ते बहुधा ‘अमुक बिन तमुक’ असे लिहिलेले असते. बाई असेल तर ‘अमुक कोम तमुक’. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. मराठी माणसाला हे शब्द परके नाहीत. जुन्या मोडी कागदांत ‘हणमंता बिन येसाजी’ अशीच नावे सापडतात आणि जुन्या कोर्टकज्जांत ‘गंगाबाई कोम शिदाप्पा’ अशा वादी-प्रतिवादी भेटतात. दोन राज्यांच्या दप्तरांना जोडणारी ही दोन अक्षरी कडी आहे. वंशावळ म्हणजे दुसरे काय, अनेक ‘बिन’ एकापुढे एक मांडलेले. पण नावाच्या चौकटीत आडनाव टाकून शोधणाऱ्या यंत्राला या कडीचा उपयोग नसतो, कारण ज्या काळचा कागद आहे त्या काळी बहुतेकांचे आडनाव कागदावर चढलेलेच नव्हते.

संगणकावर जे आले तो या साखळीचा वरचा थर. वसाहतीसाठी संपादन झालेल्या जमिनीच्या चालू उताऱ्यावर जुन्या कुळांची नावे दिसण्याचे कारण नाही. ती शोधायची तर फेरफार क्रमांकाचे बोट धरून हस्तलिखित वह्यांपर्यंत मागे जावे लागते. आणखी मागे गेले की १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आडवा येतो. त्याने इनामदाराचा हक्क संपवला आणि कसणाऱ्यांचे दावे नोंदवण्याची वेगळी प्रक्रिया सुरू केली. म्हणजे एकाच शेताची कुळकथा तीन वेगळ्या गठ्ठ्यांत, तीन वेगळ्या मथळ्यांखाली पडलेली असते. कोणत्या साली कोणता नमुना वापरात होता आणि तो कोणत्या फडताळात आहे, हे ज्याला ठाऊक असते तो अभिलेख कक्षातला कारकून. अर्जात गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर नीट असला तर तो गठ्ठ्यापर्यंत नेतो. नसला तर अर्ज ‘अभिलेख उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यानिशी परत येतो. अनेकदा त्या शेऱ्याचा खरा अर्थ ‘प्रश्न नीट विचारलेला नाही’ एवढाच असतो. असलेला पुरावाही जाणत्याशिवाय हाती लागत नाही, हेच जवळच्या बेगूर गावातला वीरगळ सांगतो. इसवी सन ८९० च्या सुमाराचा तो शिलालेख बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख करतो. दगड हजार वर्षे उघड्यावर होता, लोक रोज पाहत होते. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्यातल्या जाणत्यांनी तो वाचला, तेव्हा कुठे तो शहराच्या नावाचा सर्वांत जुना पुरावा ठरला. पुरावा समोर असणे आणि तो पुरावा आहे हे कळणे, यांच्यामध्ये नेहमी एक वाचणारा उभा असतो.

आता या वसाहतीतल्या मराठी घरांचा विचार करू. मराठी माणूस बंगळुरात नोकरीसाठी आज आला असे नाही. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या मोहिमेनंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली आणि त्यांच्यामागून माणसेही आली. पण सदनिकेत राहणाऱ्या आजच्या कुटुंबाचा कागद बहुधा इथे नसतो; तो मूळ गावच्या तहसिलात, नाहीतर पुण्याच्या अभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात असतो. तिथे कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत, बहुतांश मोडीत. त्यांची मांडणी मात्र आडनावांवर नाही, कारभारावर आहे: रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास, चिटणिशी. रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च, घडणीत तोच खात्यावार, प्रांत अजमासात परगण्यांचे अंदाजपत्रक. म्हणून ‘आमच्या घराण्याचे काही आहे का’ या प्रश्नाला दप्तरात उत्तर नसते. ‘आमचे गाव अमुक परगण्यात होते, घरात पाटीलकी होती, तंटा अमुक सालच्या सुमारास झाला’ असे म्हटले तर दप्तरातला माणूस रुमाल सुचवू शकतो. घराण्याच्या प्रश्नाचे कारभाराच्या प्रश्नात रूपांतर करणे हीच त्याची खरी मदत. गो. स. सरदेसायांनी याच दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. तरी न छापलेल्या ढिगापुढे ती ओंजळच आहे.

दप्तराला वाचणारा माणूस लागतो, याचा ताजा पुरावा मराठा समाजाच्या कुणबी नोंदींच्या २०२३ पासूनच्या शोधाचा आहे. महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरे उघडली. इतर मागासवर्गीयांच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून शाळांची प्रवेश रजिस्टरे, गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची कोतवाल बुके, खासरा आणि पहाणी पत्रके, सगळे चाळले गेले. त्या वेळी प्रशासनाला पहिली उणीव जाणवली ती मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची. त्यांच्यावाचून स्कॅनर नुसती चित्रेच काढत राहिला असता. बंगळुरात संगणकावर काम करणाऱ्या मुलाचा दाखलाही अशा वेळी गावाकडच्या एखाद्या मोडी वाचकाच्या डोळ्यांवर अवलंबून होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दप्तर जाणणाऱ्या माणसावर भिस्त ठेवायची म्हणजे त्याच्या मर्जीवर जगायचे. गावचा कुलकर्णी काय किंवा कन्नड मुलखातला शानभोग काय, कागदाच्या जोरावर त्यांनी लोकांना किती नाडले याच्या कहाण्या दोन्ही भाषांत आहेत. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने ग्रामाधिकाराच्या वंशपरंपरागत जागा रद्द झाल्या, आणि ‘भूमी’चाही एक हेतू उताऱ्यामागची चिरीमिरी थांबवणे हाच होता. हे सगळे योग्यच झाले. पण कागद ताब्यात ठेवण्याचा अधिकार आणि कागदापर्यंत नेण्याचे ज्ञान या दोन गोष्टी आहेत. पहिली काढून घेताना दुसरीची सोय करायची राहून गेली. नवा कर्मचारी तीन वर्षांनी बदलून जातो आणि कोणत्या फडताळात काय आहे हे त्याच्याबरोबर जाते. यावर उपाय जुनी मर्जी परत आणणे हा नाही. जाणत्याचे ज्ञान लेखी शोधसूचीत उतरवून घ्यावे, मदतीच्या टेबलाची वेळ आणि फी पाटीवर लिहावी, आणि मोडी वाचकाचे पद कायम भरलेले असावे. फी उघड असली की मर्जीला भाव उरत नाही.

दुसरा आक्षेप इलेक्ट्रॉनिक सिटीच्या तोंडी शोभेल असा आहे: थोडे थांबा, यंत्र मोडीही वाचेल. वाचेल, यात शंका नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या प्रणाल्या घडत आहेत. त्याने मोठे श्रम वाचतील. पण अक्षर लागणे म्हणजे कूळ लागणे नव्हे. एकाच गावात एकाच काळी ‘येसाजी बिन मालोजी’ दोन असू शकतात. त्यांतला आपला कोणता, हे शेताच्या चतुःसीमांवरून, वतनाच्या हिश्शावरून, साक्षीदारांच्या नावांवरून ठरते. जगातला या कामाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या फॅमिलीसर्च या संस्थेचा आहे. तिने देशोदेशीच्या नोंदींच्या चोवीस लाख सूक्ष्मचित्रफिती जमवल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आल्या, आणि २०२१ पर्यंत त्या फिती संगणकावर आणल्या. एवढे करूनही तिने मदतनिसांची केंद्रे बंद केली नाहीत. स्वयंसेवक अजून शेजारी बसून शोध लावून देतात. खरे तर इलेक्ट्रॉनिक सिटीला हे कोणी शिकवायला नको. प्रणाली विकल्यावर तिच्यामागे अहोरात्र मदत देणारी माणसे बसवावी लागतात, यावरच इथल्या हजारो जणांचा पगार चालतो.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. दप्तरात सापडतात ते जमीनवाले, वतनदार आणि कज्जेदलाल. बाई सापडते ती कोणाची तरी ‘कोम’ म्हणून. मग वंशशोध म्हणजे ज्यांचे आधीच लिहिले गेले त्यांचाच पुन्हा गौरव नाही का? पुष्कळदा तसा होतो, आणि सनदेची प्रत भिंतीवर लावून संपतोही. पण ज्याचे नाव मथळ्यात नाही, त्यालाच वाटाड्याची गरज जास्त असते. बलुतेदाराचे नाव हक्कांच्या यादीत, सालदाराचे एखाद्या जबानीत, विधवेचे वारस नोंदीच्या तक्रारीत सापडू शकते. मोठ्या घराण्याला स्वतःचा संशोधक ठेवता येतो; भूमिहीनाच्या नातवाला सरकारी टेबलापलीकडचा माणूस हाच एकमेव संशोधक असतो. मदतीचे टेबल काढून टाकले तर दप्तरातली विषमता आणखी पक्की होईल.

कोनप्पन अग्रहाराचे नाव मेट्रोच्या पाटीवर टिकले, कारण नाव ठेवताना कोणीतरी जुने गाव आठवणीत ठेवले. पण पाटी वाचून तो कोनप्पा कोण, त्याच्या गावच्या शेतांवर कोण राबत होते आणि ती माणसे पुढे कुठे गेली हे कळत नाही. ते तालुक्याच्या एखाद्या फडताळात, बिन आणि कोमच्या ओळींत आहे. दोन कोटी पहाण्या खिडकीवर आणणाऱ्या राज्याला त्या खिडकीमागे एक जाणता माणूस बसवणे अवघड नाही, आणि महाराष्ट्राला तर २०२३ ने त्याची किंमत दाखवूनच दिली आहे.