वजन कशाचे उतरले?

आम्ही सातिवलीला राहतो. वसई रोड स्टेशनवरून पूर्वेला निघाले की गोखिवरे, वालीव, सातिवली असे कारखान्यांचे गाळेच गाळे लागतात, आणि पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. अशाच एका गाळ्यात माल चढवणारा एक तरुण आमच्या इमारतीत राहतो. त्याच्या एका प्रश्नावरून हे भाषण सुचले.

गेल्या वर्षी माझे वजन ७८ किलो झाले. रक्तातली साखरही काठावर आली. ओळखीच्या एका गृहस्थांनी प्रथिनाच्या भुकटीचा डबा आणून दिला आणि सांगितले, "सकाळी एक पेला, रात्री एक पेला, दुपारी साधं जेवण. व्यायामबियाम काही नको!" हे शेवटचे वाक्य मला सर्वांत आवडले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जोर-बैठका कोण सांगणार? चार महिन्यांत काटा ७१ वर आला. स्टाफरूममध्ये कौतुक झाले. मग एके दिवशी गॅसचा भरलेला सिलिंडर, म्हणजे सुमारे ३० किलो, मला पायरीवर चढवता येईना. पूर्वी मी तो चढवत असे. त्या तरुणाने तो सहज उचलला आणि विचारले, "सर, बारीक झालात खरे, पण गेलं काय तुमचं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. काटा एकूण बेरीज सांगतो. कोणत्या खात्यातून किती रक्कम गेली ते सांगत नाही. चरबी गेली तरी किलो, स्नायू गेला तरी किलोच.

प्रथम ही भुकटी म्हणजे काय ते पाहू. घरी पनीर करताना दूध फाटते आणि हिरवट पाणी उरते. आपल्या बायका त्यात कणीक भिजवतात. दुधातल्या प्रथिनांपैकी काही हिस्सा त्या पाण्यात असतो. चीजच्या कारखान्यातले असलेच पाणी गाळून, आटवून, सुकवले की ही भुकटी होते. तेव्हा हे औषध नव्हे, अन्न आहे. एका मापात, म्हणजे सुमारे ३० ग्रॅममध्ये, २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि १२० कॅलरी असतात. ती पाण्यात घेतली तर ठीक. पण पाव लिटर म्हशीचे दूध आणि एक केळे घालून फिरवली, की साडेचारशेच्या पुढे गेलात. तेवढे पिऊन वर नेहमीचे जेवण केले तर वजन वाढेलच, आणि त्यात भुकटीचा दोष नाही.

मग वजन उतरते कसे? प्रथिनाने पोट भरल्यासारखे वाटते आणि ते पचवण्यात शरीराची बरीच शक्ती खर्ची पडते, पिष्टापेक्षा किंवा तुपापेक्षा पुष्कळ जास्त. पण मुख्य कारण साधे आहे : दोन जेवणांच्या जागी दोन पेले आले, खाणे घटले. तूट आली की शरीर शिल्लक मोडते. त्यात चरबी जाते, पण व्यायाम नसेल तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागातून जातो, कधी त्याहूनही जास्त. पुरेसे प्रथिन घेतले तर ही गळती काहीशी कमी होते, हे खरे. पण स्नायू राखायचा की नाही, हे शरीर त्याला काम आहे की नाही यावरून ठरवते. विटा आणून टाकल्या आणि गवंडीच बोलावला नाही, तर भिंत उभी राहील काय?

आता कोणी म्हणेल, गेला थोडा स्नायू, आपल्याला काय कुस्ती खेळायची आहे? इथेच आपल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच दोन छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, तो दोघांचा एकच, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपण दिसायला सडपातळ असतो, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात ओढून घेतो तो स्नायूच. म्हणजे मी साखरेच्या भीतीने वजन उतरवायला निघालो आणि साखर जिथे ठेवायची ती कोठीच थोडी पाडून बसलो.

निव्वळ पेल्यावर राहण्याचा अतिरेक अमेरिकेत झाला. १९७६ साली डॉ. रॉबर्ट लिन यांच्या पुस्तकाने तिथे द्रवरूप प्रथिनाचे वेड लावले. जनावरांच्या कातडी-कंडरांपासून केलेले ते निकृष्ट प्रथिन होते आणि कित्येक लोक महिनोन्‌महिने त्यावरच राहिले. पुढच्या दोन वर्षांत पन्नासच्या वर मृत्यूंची नोंद झाली. त्यांत हृदयाचे ठोके बिघडून गेलेले होते. हृदय हाही स्नायूच. आजची दुधाची भुकटी त्या जातीची नाही, पण जेवण सोडून तिच्यावरच राहणे शहाणपणाचे नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून डबा उघडूच नये.

गरज तरी किती? निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजन उतरवताना थोडे जास्त लागते. अंड्यात सहा ग्रॅम मिळते. डाळ, हरभरा, दही आहेच. आणि वसईकरांच्या सुक्या बोंबलात तर निम्म्याहून अधिक प्रथिनच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत हेच म्हटले आहे, की प्रथिन अन्नातून घ्या, स्नायू कमावण्यासाठी भुकट्या टाळा. ज्याला दोन वेळचे धड जेवता येत नाही त्याला एखादा पेला सोयीचा, एवढे मी मानतो.

गवंड्याचे काम मात्र चालण्याने पुरे होत नाही. स्टेशनपर्यंत चाललो म्हणजे झाले, ही माझीही समजूत होती. जागतिक आरोग्य संघटना चालण्या-पळण्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्याला यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून ठेवणे. आणि सोपे वाटू लागले की थोडे वाढवणे.

मी सध्या ७३ किलो आहे, म्हणजे दोन किलोंनी वाढलो. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला आहे. सिलिंडर चढतो, पण दोन्ही हातांनी आणि मधे एकदा थांबून.