नवेगावचा तलाव आणि पर्यटनाची बाजारपेठ

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव हा निसर्गाने आयता दिलेला नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील खिंडींना बांध घालून तो निर्माण केला, असे परंपरा सांगते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. तलाव बांधणे हे कोहळ्यांचे कसब, त्यातील मासळी ही धीवरांची उपजीविका आणि त्याच्या पाण्यावर पिकणारा भात हे या मुलुखाचे अन्न. आज ‘निसर्ग-पर्यटन’ या नावाने जे विकावयाचे म्हणतात, त्याचे मूळ मानवी श्रमात आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पर्यटनाच्या जाहिरातीत मात्र या श्रमाला फारसे स्थान नसते. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. २०१३ च्या डिसेंबरात या दोहोंसह कोका व इतर लगतची अभयारण्ये मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि तेव्हापासून प्रदेशाची ओळख वाघ या एकाच शब्दात सामावली. एका प्राण्यावर उभारलेली बाजारपेठ किती ठिसूळ असते, याचा धडा त्याच वर्षी सुरू झाला. नागझिऱ्यातला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला. त्याच्यामागोमाग प्रवाशांची रीघही तिकडे लागली. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तेव्हा तिकडचेही आकर्षण ओसरले. पुढे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. वनाच्या दृष्टीने तो उपाय योग्यच होता. परंतु वाघ वाढले म्हणजे गावाची भाकरी वाढली, असा हिशेब त्यातून आपोआप निघत नाही.

सारसाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळजवळ गोंदिया आणि त्याच्या शेजारच्या भागातच उरला आहे. तो राहतो तो राखीव वनात नव्हे, तर तलावांच्या काठी आणि शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत. घरटे करतो तोही ऐन पावसाळ्यात, बांध्यात पाणी उभे असताना. म्हणजे सारस टिकवितो तो शेतकरी. पर्यटकाचे प्रवेशशुल्क मात्र जमा होते वनाच्या फाटकाशी. ज्याच्या शेतात घरटे आहे, त्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न टाळून केलेली कोणतीही जाहिरात अर्धवटच म्हणावी लागेल.

दुसरा मोह साहसाचा. जलक्रीडा, यांत्रिक नौका, दोरावरून घसरणे यांचे तरुणांना आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधब्यासारख्या ठिकाणी, किंवा टेकड्यांच्या पायवाटांवर, त्याला अवश्य वाव द्यावा. परंतु हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाक ज्या पाण्यावर उतरतात, धीवर ज्यात जाळी टाकतात, त्याच पाण्यावर यंत्राची घरघर सुरू झाली तर पक्षी उठून जातील आणि जाळी फाटतील. विकावयास काढलेली वस्तूच विक्रीच्या ओघात नष्ट करणे, हा कोणता व्यापार?

ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावाने निराळी वाट दाखविली आहे. तेथे एकेकाळी पाखरांची शिकार करणारी माणसेच पुढे त्यांची राखणदार आणि वाटाडी झाली. पाहुण्यांना ती बांबूने रेटलेल्या नावेतून पक्षी दाखवितात. नवेगावच्या धीवराचा डोंगा याहून कमी प्रतीचा नाही. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने कोणता मासा वाढतो, हे त्याला ठाऊक असते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या परिसरातील धीवरांना बरोबर घेऊन तलावांतील बेशरम काढण्याचे आणि देशी पाणवनस्पती लावण्याचे जे काम केले, ते याच ज्ञानाच्या आधारावर.

तेव्हा जाहिरात हवी. पण तिच्याआधी काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. तलावाचा कोणता भाग हिवाळ्यात पूर्णतः शांत राहील, नाव चालविण्याचा पहिला हक्क मच्छीमार संस्थांचा असेल की बाहेरच्या ठेकेदाराचा, शुल्कातील वाटा ग्रामसभेकडे आणि सारस राखणाऱ्या शेतकऱ्याकडे कसा पोहोचेल, हे लेखी ठरावे. शिवाय पावसाळ्यात वनाची फाटके बंद होतात. त्या महिन्यांत पर्यटनावर पोट भरणाऱ्याने काय करावे, याचेही उत्तर त्यात असावे. शेती आणि मासेमारी सोडून केवळ प्रवाशांच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची पाळी गावावर येता कामा नये.

कोहळ्यांनी बांध घातला तो येणाऱ्या पिढ्यांच्या पाण्यासाठी. त्याच बांधावर उभे राहून पाहुण्यांना बोलावताना, पाणी, मासळी आणि पाखरे पुढच्या पिढीलाही उरतील एवढी काळजी घेणे, हेच पर्यटनाचे पहिले भांडवल आहे.