‘नथिंग स्पेशल, सर’ : इंग्रजीत कौतुक करणं आणि कौतुक घेणं

गेल्या रविवारी भिसेगावात आमच्या शेजारची एक मुलगी घरी आली होती. एम.ए. झालंय, पीएच.डी.ची तयारी चालू आहे, मुलाखत दोन महिन्यांवर आलीय. वही उघडून म्हणाली, “ताई, इंग्रजीत कौतुक करायचे चांगले शब्द सांग ना. माझ्याकडे नाइस आणि गुड एवढेच आहेत.” तिने आधीच एक यादी केली होती. मार्व्हलस, स्प्लेंडिड, एक्स्ट्रॉऑर्डिनरी, ब्रेथटेकिंग.

मी म्हटलं, यादी राहू दे, पण तुझे पहिले दोनच खरे कामाचे आहेत. तिला वाटलं मी धीर देतेय. तसं नव्हतं. यावर चांगलं जुनं संशोधन आहे, आणि भाषा, समाजशास्त्र किंवा शिक्षणशास्त्रात संशोधन करायचं असेल तर ते माहीत असलेलं बरं.

जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोघींनी अमेरिकेत रोजच्या बोलण्यातली ६८६ कौतुकाची वाक्यं गोळा केली आणि १९८१ साली त्यांचा लेख आला. त्यांना अपेक्षा होती की कौतुक म्हणजे मनापासून आलेली गोष्ट, तेव्हा तिच्यात भरपूर विविधता असणार. निघालं उलटंच. निम्म्याहून जास्त वाक्यं एकाच साच्यातली होती : अमुक गोष्ट छान आहे किंवा छान दिसते. मध्ये ‘रिअली’ घातलं तर घातलं. ‘आय लाइक’, ‘आय लव्ह’ हा दुसरा साचा, ‘दॅट्स अ गुड क्वेश्चन’ यासारखा तिसरा. या तिघांत मिळून सुमारे ८५ टक्के वाक्यं संपली. विशेषणं तर मोजकीच. नाइस, गुड, ब्युटिफुल, प्रिटी, ग्रेट या पाचांनी विशेषणवाल्या वाक्यांचा दोन तृतीयांश भाग व्यापला होता, आणि त्यात नाइस सगळ्यांच्या पुढे.

आता आपली शाळा आठवा. उद्गारार्थी वाक्याचं विधानार्थी करा, विधानार्थीचं उद्गारार्थी करा. ‘व्हॉट अ ब्युटिफुल फ्लॉवर इट इज!’ हा साचा आपण किती वर्षं घोटला? या अभ्यासात त्याचा वाटा दोन टक्केसुद्धा भरत नाही. परीक्षेसाठी घोटलं, ठीक आहे. पण सेमिनारमध्ये उभं राहून कोणी ‘व्हॉट अ मार्व्हलस पेपर इट वॉज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते नाटकातलं वाटतं, आणि बोलणाऱ्यालाही बहुतेक तसंच वाटत असतं.

म्हणजे अडचण शब्दांची नाही. मग कशाची? माझं उत्तर असं : कोण कोणाला म्हणतंय याची, आणि त्याहून जास्त, कौतुक झाल्यावर आपण काय बोलतो याची.

पहिली गोष्ट पटकन सांगते. मराठीत ‘शाब्बास’ वरून खाली येतो. फारसीतल्या ‘शाद बाश’ म्हणजे ‘खूश राहा’पासून तो आलाय, आणि खूश राहा असं आशीर्वाद दिल्यासारखं मोठ्यानेच म्हणायचं. भाची आत्याला शाब्बास म्हणत नाही, म्हटलं तर चेष्टेत. इंग्रजीतल्या ‘वेल डन’ आणि ‘गुड जॉब’ला हीच चढण आहे, पण आपण ते पाठ करताना चढण सोबत येत नाही. मग विद्यार्थी मार्गदर्शकांचं व्याख्यान संपल्यावर ‘गुड जॉब, सर’ म्हणतो. चूक व्याकरणाची नसते, म्हणून कोणी दुरुस्तही करत नाही. मोठ्यांना सांगताना आपल्याला काय मिळालं ते सांगावं : ‘आय लर्न्ड अ लॉट फ्रॉम द पार्ट अबाउट सॅम्पलिंग’. यात आपण त्यांना मार्क देत नाही.

आता दुसरी गोष्ट. ती माझ्याच अंगाने गेलीय.

काही वर्षांपूर्वी एका मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी माझा आराखडा वाचून म्हटलं, ‘दॅट्स अ व्हेरी नीट डिझाइन.’ मी लगेच, विचार न करता, मान खाली घालून : ‘नो सर, नथिंग स्पेशल.’ घरी कोणी ‘पोहे छान झालेत गं’ म्हटलं की ‘छे, आज मीठच कमी पडलं’ म्हणायची सवय, तीच इथे इंग्रजीत बाहेर आली. सरांनी वर बघितलं आणि विचारलं, ‘मग हाच का निवडलात?’ खवचटपणे नव्हे, सरळ. मी त्यांचं मत नाकारलं होतं, तेव्हा कारण मला द्यायला हवं होतं. पुढची चार मिनिटं मी माझ्याच आराखड्याचा बचाव करत होते, ज्याच्यावर कोणी हल्ला केलाच नव्हता.

हे का होतं, ते अनिता पोमरांत्झ यांनी १९७८ मध्येच नीट मांडलंय. कौतुक ऐकणाऱ्यावर दोन दबाव एकाच वेळी येतात. समोरच्याशी सहमत व्हावं हा एक. स्वतःची स्तुती करू नये हा दुसरा. ‘हो, छान आहे’ म्हटलं तर दुसरा मोडतो, ‘नाही नाही’ म्हटलं तर पहिला. पोमरांत्झ यांचा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन माणसांचाच आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे संकोच हा काही फक्त आपला मक्ता नाही. रॉबर्ट हर्बर्ट यांनी १९८६ च्या लेखात एका अमेरिकन विद्यापीठातल्या १०६२ प्रतिसादांचा हिशेब मांडला. तिथे लहानपणापासून शिकवतात की कौतुक झालं की थँक यू म्हणावं, पण कौतुक सरळ स्वीकारणारे प्रतिसाद जेमतेम एक तृतीयांश निघाले. बाकीचे लोक वळण घेतात. ‘सेलमध्ये घेतलं’, ‘आईने विणलंय’, ‘तुला खरंच आवडलं?’ आपल्याकडे साडी छान आहे म्हटल्यावर ‘अगं, दादरला घेतली, चार वर्षं झाली’ येतं ना, तेच.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगते. कारण वाट सापडली. ‘नाही’ म्हणायची गरज नाही आणि मिरवायचीही गरज नाही. कौतुकातला मुद्दा धरून एक पाऊल पुढे जायचं. त्या दिवशी मी म्हणू शकले असते, ‘थँक यू सर, पायलटमध्ये आधीची रचना फसली, त्यातून ही सुचली.’ यात सहमती आहे, फुशारकी नाही, आणि पुढचा प्रश्न पायलटवर येतो, म्हणजे आपल्या अंगणात.

आता ‘आपण मराठी माणसं कौतुकच करत नाही, थँक यू म्हणत नाही’ हे वाक्य. ते प्रबंधात लिहायच्या आधी महादेव आपटे यांचा १९७४ चा लेख वाचा. आपटे ड्यूक विद्यापीठात होते, आणि मराठी-हिंदीसारख्या दक्षिण आशियाई भाषांत ‘थँक यू’चं काय होतं यावर त्यांनी लिहिलंय. घरात, जवळच्या मित्रांत, दुकानातल्या देवाणघेवाणीत शब्दांनी आभार मानायची पद्धत नाही. धन्यवाद, आभारी आहे हे औपचारिक प्रसंगांचे, सभेतले शब्द. आईने वाढलेल्या ताटाला ‘धन्यवाद’ म्हटलं तर तिला परकं केल्यासारखं होतं.

पण शब्द नाहीत म्हणजे भाव नाही, असं कुठे आहे? कर्जत लोकलमध्ये बघा. तिघींच्या बाकावर चौथीला जागा करून देतात, ती अर्धी टेकते, कोणी थँक यू म्हणत नाही. पण पुढे नेरळ गेल्यावर तीच चौथी मांडीवर दुसरीची पिशवी घेते. ही दाद शब्दांत मोजायला गेलात तर शून्य येईल. भाकरी आणखी अर्धी मागणं हे कौतुकच असतं. ‘बरं झालंय’ हेसुद्धा काही घरांत सर्वोच्च पदक आहे. (आमच्या घरात तरी आहे.)

इथे संशोधनाच्या पद्धतीचा प्रश्न येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कौतुकावरचा माल गोळा करायच्या दोन मुख्य पद्धती. एक, कान उघडे ठेवायचे आणि ऐकलेलं वहीत टिपायचं, किंवा खऱ्या गप्पा परवानगीने ध्वनिमुद्रित करायच्या. दोन, कागदावर प्रसंग द्यायचा : ‘मैत्रीण म्हणाली तुझं सादरीकरण छान झालं. तू काय म्हणशील?’ आणि खाली रिकामी ओळ. दुसरी पद्धत स्वस्त, एका तासात साठ जणांचं काम होतं, त्यामुळे आपल्याकडे सगळे तिकडेच धावतात. आंद्रेआ गोलाटो यांनी २००३ मध्ये जर्मन भाषेत दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. कागदावर लोकांनी ‘डांके’ म्हणजे धन्यवाद लिहिलं. खऱ्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात कौतुकाला उत्तर म्हणून तो शब्द आलाच नाही. म्हणजे लोक काय बोलतात ते कागद सांगत नव्हता, काय बोलायला हवं असं त्यांना वाटतं ते सांगत होता. हेही उपयोगाचं आहे, पण नाव बरोबर द्यायला हवं.

आणि काळ बदलतो. रोंग चेन यांच्या १९९३ च्या अभ्यासात शीआन शहरातल्या चिनी विद्यार्थ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त वेळा कौतुक नाकारलं होतं. सतरा वर्षांनी चेन आणि दाफू यांग यांनी त्याच शहरात तोच प्रयोग परत केला, तर ६० टक्क्यांहून जास्त वेळा स्वीकारलं. दोन्ही वेळा कागदावरची प्रश्नावलीच होती, हे विसरू नका. तरी फरक मोठा आहे. मराठीत असं एकाच गावात दोनदा मोजलेलं काम कोणी हाती घेतलं तर मी आनंदाने वाचेन. कर्जतमध्ये आजी ‘दृष्ट लागेल’ म्हणून कौतुक गिळते आणि नात इन्स्टावर दिवसाला वीस जणींना ‘लव्ह धिस’ लिहिते. एका घरात, एका सोफ्यावर.

लेखी इंग्रजीबद्दल थोडंच. परदेशातल्या एखाद्या लेखकाला मेल करताना ‘एस्टीम्ड’, ‘व्हॅल्युएबल’, ‘ग्रेट ऑनर’ यांची रास घातली की तोच मेल पन्नास जणांना गेलाय असं वाटतं. एक नेमकी ओळ पुरते : तुमच्या अमुक लेखातल्या तिसऱ्या तक्त्यामुळे माझा तमुक प्रश्न सुटला. उलट दिशेने, पेपरवरच्या अभिप्रायात ‘धिस इज अॅन इंटरेस्टिंग स्टडी’ आलं म्हणून पेढे आणू नका. पुढचं ‘हाउएव्हर’ शोधा. आणि ‘क्वाइट गुड’ लिहिणारी व्यक्ती कुठली ते बघा. अमेरिकन असेल तर बहुतेक खूश आहे, ब्रिटिश असेल तर ‘बऱ्यापैकी’ एवढंच म्हणतेय.

ती मुलगी जाताना मी तिला खोटी मुलाखत घेऊन बघू म्हटलं. तिचा विषय ठाकरवाडीतल्या मुलांच्या वाचनाचा आहे, आणि प्रश्न खरंच चांगला बेतलाय. मी म्हटलं, ‘दॅट्स अ गुड क्वेश्चन.’ तिने तोंड उघडलं, ‘नो...’ आला, मध्येच थांबली. मग म्हणाली, ‘थँक यू. आय गॉट इट फ्रॉम अ टीचर देअर.’

यादी तिने माझ्याकडेच विसरली. पुढच्या रविवारी न्यायला येईल.